बाबांच्या आंघोळीचं पाणी

भाड्याने घेतलेल्या त्या कॅराव्हॅनमध्ये ओट्याच्या वर तीन दिव्यांची एक पट्टी होती. हिरवा, पिवळा आणि लाल. गाडीच्या पोटाखाली सांडपाण्याची टाकी असते आणि ती किती भरली हे ते दिवे सांगतात. भांड्यांचं, हात धुतल्याचं, आंघोळीचं, सगळं पाणी तिथेच जमतं. गाडी ताब्यात देणाऱ्या माणसाने मला बजावून सांगितलं होतं की संडासाची पेटी वेगळी आहे, तिच्यात औषध टाकलं की चिंता नाही. पण ही टाकी लहान आहे, लाल दिवा लागला की लगेच रिकामी करा, नाहीतर पाणी उलटं आंघोळीच्या जागेत चढतं. आणि कुठेही सोडू नका. मग सोडायचं कुठे, असं मी विचारल्यावर तो हसला. ते तुमचं तुम्ही बघा, म्हणाला.

हे असलं काही मला सांगू नये. आमच्या सोसायटीत पाणी गेलं तरी मला आधी वाटतं की आपल्याच घरचा नळ रात्रभर चालू राहिला असणार. जिन्यात पिचकारी दिसली तर ती मी मारलेली नसूनही मी मान खाली घालून जातो. त्यामुळे त्या दिवसापासून मी त्या पट्टीला बांधला गेलो. डोंगर बघायला निघालो होतो आणि बघत होतो दिवा.

गाडी घेतली ती बाबांसाठी. बाबांनी ऐंशी ओलांडली आहे. खुब्याच्या ऑपरेशननंतर ते वॉकर घेऊन चालतात. आई गेल्यापासून ते घराबाहेर कुठे राहिलेच नव्हते, आणि त्याचं खरं कारण आंघोळ होतं. एका नातेवाइकांकडे गुळगुळीत फरशीवर त्यांचा पाय सटकला. पडले नाहीत, पण ओल्या अंगाने भिंतीला धरून ते बराच वेळ उभे राहिले आणि कुणाला हाक मारायलाही लाजले. त्यानंतर कुठेही चला म्हटलं की ते म्हणायचे, "माझं इथे बरं आहे." लोणावळ्याचं नाव निघालं की मात्र टीव्हीचा आवाज कमी करायचे. त्यांची रेल्वेतली निम्मी नोकरी लोणावळ्याला झाली. माझं बालपण तिथल्या क्वार्टरमध्ये गेलं. क्वार्टरच्या मागे मोरीचं पाणी जिथे बाहेर पडायचं तिथे त्यांनी केळी आणि कर्दळ लावली होती, आणि ड्यूटीवरून आल्यावर ते आधी तिकडे जायचे, मग घरात.

अशी एक गाडी मिळते, तिच्यात दांड्या लावलेलं बाथरूम असतं, हातात धरायचा शॉवर असतो आणि आत स्टूलही मावतं, हे शोधून काढलं माझ्या बायकोने. "बाबांना बाथरूमपर्यंत न्यायचं कशाला, बाथरूमच बरोबर नेऊ," ती म्हणाली. नंतर नातेवाइकांत मी ही कल्पना माझी म्हणून मिरवली, म्हणून ती तिची होती हे इथे सांगून टाकतो.

दिवाळीच्या आधी निघालो. पहिला मुक्काम कुसगावला, एका लहानशा हॉटेलच्या आवारात. बाबांना त्यांची जुनी क्वार्टर्स लांबून दाखवली. ते काचेतून बघत राहिले आणि म्हणाले, झाडं वाढली. सकाळी मी त्यांना आंघोळ घातली. म्हणजे पाठीला साबण लावायचा, पाय धुवायचे, बाकीचं ते स्वतः करतात. आंघोळ झाली की ते वेगळेच दिसतात. केस बसवतात, कपाळाला गंध लावतात आणि मगच चहा घेतात. आंघोळीआधी चहा घेतलेला मी त्यांना जन्मात पाहिला नव्हता.

निघण्याआधी मी हॉटेलमालकाला टाकीचं विचारलं. त्याने स्वयंपाकघरामागचं चेंबर उघडून दिलं. नळीतून करडं पाणी धो धो गेलं. जाळीत भाताची शितं आणि मेथीची देठं अडकली होती, ती मी बोटांनी काढली. दिवा हिरवा झाला तेव्हा मला इतकं हलकं वाटलं की मी त्या मालकाचे दोनदा आभार मानले. तो म्हणाला, परत या. मी ते शब्दशः घेतलं. मनात ठरवून टाकलं की दिवा लाल झाला की कुसगावला यायचं.

तिथून आम्ही कामशेतला आलो. बाजारातून पणत्या, आकाशकंदील आणि थोडा फराळ घेतला आणि पवनेच्या बाजूला वळलो. तिकडे एका शेतकऱ्याच्या घराशेजारी माळावर गाडी लावायला जागा मिळते असं कळलं होतं. मी त्यांना भाऊ म्हणू लागलो. ते आंबीला एका कारखान्यात शिफ्टमध्ये काम करतात आणि भातकापणीसाठी रजा टाकून घरी होते. घरात त्यांची बायको आणि आई. आईला सगळी मावशी म्हणत, आम्हीही म्हणू लागलो. भाऊंनी आल्या आल्या बोअरच्या नळाला पाइप लावून आमची चांगल्या पाण्याची टाकी भरून दिली. हवं तेव्हा भरा, म्हणाले. खाली खाचरांत अर्धं भात कापून पडलं होतं, अर्धं उभं होतं, आणि त्या इंद्रायणी भाताचा वास गाडीत येत होता. बाबा खुर्ची टाकून दारात बसले. त्यांना असं बसलेलं पाहून मला फार बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी, त्यांची आंघोळ झाल्या झाल्या, दिवा हिरव्याचा पिवळा झाला आणि संध्याकाळी भांडी घासल्यावर लाल.

मी ओट्यापाशी उभा राहून बायकोला हिशेब सांगू लागलो. पिण्याचं पाणी किती, भांड्यांचं किती. "भांडी काही नाहीत," मी म्हणालो. "टाकी भरते ती बाबांच्या आंघोळीने."

मी रागाने बोललो नव्हतो. पण बाबा पडद्याच्या पलीकडे पलंगावर होते आणि त्या गाडीत पडद्याच्या अलीकडे, पलीकडे असं काही नसतं.

मी गाडी कुसगावला नेऊन टाकी रिकामी करून आणली. येताना दिवाळीच्या गर्दीत इतका वेळ अडकलो की परत आलो तेव्हा बाबा भाऊंच्या ओसरीवर जेवून झोपले होते. सकाळी मी स्टूल मांडलं तर ते म्हणाले, "आज नको. अंग कसंतरी आहे." मी ताप पाहिला. नव्हता. ओल्या टॉवेलने पुसून घेतो, म्हणाले. त्याच्या दुसऱ्या दिवशीही तेच. दुपारी चहा नको, जेवताना पाणी अर्धा पेला.

आणि माझं काय झालं ते सांगतो. दिवा हिरवा राहिला आणि मला बरं वाटलं. वडील आंघोळ करत नव्हते आणि मी त्या पट्टीकडे बघून खूश होत होतो. मी बायकोला म्हणालोसुद्धा, बघ, नीट वापरलं तर पुरतं. पण भांडी, चूळ, हात धुणं आणि आम्हा दोघांची अर्ध्या बादलीतली आंघोळ हेही थेंब थेंब साठतच होतं, आणि नरक चतुर्दशीच्या आदल्या दुपारी पिवळ्याचा पुन्हा लाल झाला.

त्याच दुपारी बायकोने मला गाडीमागे बोलावलं. तिच्या हातात बाबांचा टॉवेल होता. तिने तो माझ्या हातात दिला. कडक वाळलेला होता, शेवटच्या आंघोळीनंतर वाळवून घडी केली होती तसाच.

"अंगही पुसत नाहीयेत ते," ती म्हणाली. "आणि आज उठल्या उठल्या चहा घेतला. पारोशाने. तुम्ही बघितलंत?"

मी बघितलं नव्हतं.

"तुमच्या त्या दिव्यापायी म्हाताऱ्या माणसाने आंघोळ सोडली," ती म्हणाली, आणि टॉवेल परत घेऊन गेली.

बाबांच्या गोळ्या द्यायची वेळ झाली होती म्हणून मी त्यांची पिशवी उघडली. गोळ्यांच्या डबीखाली उटण्याची पुडी होती. एक लहान बाटली तेलाची, झाकणाला प्लॅस्टिक गुंडाळून दोरा बांधलेली. आणि दिवाळीचा गोल साबण, कागदासकट. आम्हाला कुणालाही हे आणायचं सुचलं नव्हतं. त्यांनी घरून निघतानाच अभ्यंगस्नानाची तयारी आणली होती आणि आल्यापासून त्याबद्दल चकार शब्द काढला नव्हता. मी पिशवी होती तशी बंद केली. ते खिडकीशी बसून खाली भात झोडणाऱ्या माणसांकडे बघत होते.

उद्या पहाटे त्यांची आंघोळ झाली पाहिजे, एवढं एकच माझ्या डोक्यात राहिलं. त्यासाठी टाकी रिकामी हवी होती. कुसगावला जावं म्हणून मी गाडी काढायला गेलो तर वाटेवर ताडपत्र्या अंथरलेल्या. आमच्या माळावरून बाहेर पडायला ती एकच वाट, आणि आसपास सपाट जागाही तीच. तिच्यावर भाताची झोडणी चालली होती आणि झोडलेल्या भाताची रास होती. ते भरून होईपर्यंत गाडी हलणार नव्हती, आणि ते उद्या दुपारच्या आत होणार नव्हतं.

गाडीच्या मागे, ज्या बाजूला टाकीचं तोंड आहे, तिकडे उतार आहे. उताराखाली ओढा. मी तिथे जाऊन बसलो आणि त्या तोंडाच्या झाकणावर हात ठेवला. हे लिहायला हवं म्हणून लिहितो. झाकण फिरवलं असतं तर कुणाला कळलं नसतं, सगळे पुढच्या बाजूला कामात होते. खाली भाऊंची म्हैस ओढ्यात उभी राहून पाणी पीत होती. मी हात काढला. म्हैस नसती तर काढला असता का, हे मला अजून माहीत नाही.

विचारणं एवढाच मार्ग उरला. आता कुणी म्हणेल, त्यात काय एवढं. पण या लोकांनी मला जागा दिली, पाणी दिलं, पहिल्या दिवशी ताकही पाठवलं, आणि त्यांच्याच दारात आता माझं वास मारणारं पाणी कुठे ओतू असं विचारायचं. तेही सणाच्या तोंडावर. मी झोडणीच्या जागेपाशी गेलो, भाऊंकडे बघून हसलो, भात छान आलंय म्हणालो आणि परत वळलो. पुन्हा गेलो, पेंढ्या उचलू लागलो. भाऊ म्हणाले, राहू द्या, अंगाला खाजंल. मी पुन्हा वळलो.

मावशी पेंढ्या रचत होत्या. त्यांनी मला हाक मारली.

"एक इचारू का? राग मानू नका."

"विचारा ना."

"आमच्या नळाचं पानी तुमी पाइपनं भरून घेता. व्हय ना? आन् गाडीखाली तर थेंब न्हाई. मी रोज बघून येते. काल हात लावून बघितला, माती कोरडी." त्यांनी आवाज जरा खाली आणला. "मी सुनंला म्हनलं, ही मानसं समदी पारोशीच बसत्यात का काय गाडीत?"

माझी बायको तोवर मागे येऊन उभी होती. ती जी हसायला लागली ती तिथेच ताडपत्रीच्या कडेला बसली. मलाही हसू आलं, पण बाबांच्या बाबतीत मावशींचं म्हणणं खरं होतं.

मग मी सगळं सांगितलं. टाकीचं, दिव्याचं, कुसगावचं. मावशी ऐकत राहिल्या.

"आंगुळीचं पानी साठवून ठिवलंय?" त्या म्हणाल्या. "कशापायी?"

त्यांनी लेकाला हाक मारली. "आरं, हे पुन्याचे पाव्हनं आंगुळीचं पानी जपून ठिवत्यात. आपन येडे, सोडून देतो."

भाऊंनी हातातली पेंढी खाली ठेवली. त्यांच्या न्हाणीमागे शोषखड्डा होता, दगडगोट्यांनी भरलेला, त्यात टाका म्हणाले. आमची नळी तिथवर पोचत नव्हती. मी म्हणालो, मी बादल्यांनी नेतो. ते घरातून दोन बादल्या घेऊन आले. मी टाकीचं तोंड थोडं थोडं उघडून बादल्या भरत होतो आणि एक ते नेत होते, एक मी. पाणी दोन दिवसांचं शिळं होतं. त्याला तेलकट, आंबूस वास होता. दिवसभर भात झोडून दमलेला माणूस माझ्या घरचं खरकटं पाणी सणाच्या आदल्या संध्याकाळी वाहत होता आणि त्याने एकदाही तोंड बाजूला केलं नाही. मी तीन-तीनदा राहू द्या म्हणालो तेव्हा ते थांबले.

"हात लागतील तेवढं लवकर उरकंल," ते म्हणाले. "मंग तुमी बी या झोडायला. फिटंल."

मी खरंच गेलो. अंधार पडेपर्यंत झोडत होतो. अंगाला खाज सुटली आणि मन जाग्यावर आलं.

मावशींनी बाबांचं ऐकलं तेव्हा त्या म्हणाल्या की पहाटे आबांना आमच्या न्हाणीवर आणा, चुलीवर पाणी ठेवते, गाडीत कसली दिवाळीची आंघोळ. मी बाबांना तसं सांगितलं. त्यांनी मान हलवली. परक्या घरी, कुणी तरी धरलेलं असताना, उघड्या अंगाने त्यांना बसायचं नव्हतं. मी आग्रह केला नाही.

"मग गाडीत," मी म्हणालो. "पहाटे उठवतो तुम्हाला."

त्यांनी पट्टीकडे बघितलं. "टाकी?"

"रिकामी केली."

"कुठे?"

"भाऊंच्या शोषखड्ड्यात."

"विचारलंस त्यांना?"

"हो. त्यांनीच बादल्या वाहिल्या."

मला वाटलं, मी काहीतरी म्हणायला हवं. त्या दिवशी आंघोळीबद्दल जे बोललो ते चुकीचं होतं, असं काहीतरी. मी वाक्य जुळवत होतो तेवढ्यात त्यांनी पिशवी पुढे ओढली आणि तेलाची बाटली काढून माझ्या हातात दिली.

"सकाळी कोमट करून घे," ते म्हणाले. "थंड तेल पाठीला सोसत नाही."

पहाटे बायकोने दारात पणत्या लावल्या आणि आकाशकंदील गाडीच्या बाहेरच्या आरशाच्या दांडीला टांगला. मी बाबांना स्टुलावर बसवलं. तेल लावायला घेतलं तेव्हा लक्षात आलं की आजवर मी त्यांच्या पाठीला फक्त साबण लावत आलो, भराभर. तेल लावायला वेळ लागतो. पाठीचे मणके हाताला लागत होते. खांद्यावर एक जुना व्रण आहे, तो कशाचा हे मी विचारलं. त्यांनी लोणावळ्याच्या यार्डातली हकीकत सांगितली, जी मी कधी ऐकली नव्हती. डोळे मिटून सांगत होते. मग उटणं दुधात कालवून लावलं. गाडीभर तो वास पसरला, नागरमोथ्याचा, कचोऱ्याचा, आणि बायको पडद्यापलीकडून म्हणाली, आई आठवल्या. बाबा म्हणाले, हं.

पाणी घालायला लागलो. दुसऱ्या बादलीला माझ्या पायाशी पाणी साचलेलं दिसलं. आधी वाटलं, साबणाचा फेस आहे. मग पाणी घोट्यापर्यंत आलं. तेल आणि उटणं मिळून त्याचा लगदा झाला होता आणि तो जाळीत घट्ट बसला होता. मी मान वळवून पट्टीकडे पाहिलं. दिवा हिरवा होता. टाकी रिकामी आणि पाणी माझ्या घोट्याशी.

बाबांनीही पाहिलं. "तुंबलंय रे," ते म्हणाले. त्यांनी पाय वर उचलून घ्यायचा प्रयत्न केला. पाठीवर अजून उटणं तसंच होतं, कानामागे होतं, आणि बादलीत निम्मं गरम पाणी शिल्लक होतं. "पुरे. बास झालं. पुसून घेतो मी."

तोच आवाज होता. आज नको म्हणतानाचा.

"थांबा बाबा," मी म्हणालो, आणि तांब्या भरून त्यांच्या खांद्यावर ओतला. मग आणखी एक. पाणी उंबऱ्याच्या पट्टीवरून वाहत गाडीत आलं, माझ्या पायांवरून बायकोच्या पायांपर्यंत, आणि दाराच्या पायरीवरून खाली. मी थांबलो नाही. त्यांच्या पाठीचा शेवटचा कण जाईपर्यंत ओतत राहिलो. बाबा आधी आक्रसून बसले होते. मग त्यांनी मान खाली घातली आणि पाणी घेऊ लागले, जसं माणूस घेतो.

बाहेरून मावशींचा आवाज आला. "आगं बाई, वाहिलं बघा पानी गाडीतनं!"

मी दारातून डोकावलो. दारापुढच्या हलक्या उतरणीवरून ते पाणी सरळ ताडपत्र्यांच्या दिशेने निघालं होतं, आणि रास रात्रभर तिथेच झाकून ठेवलेली होती. मावशींनी खांद्यावरची शाल सावरली, दाराशी टेकवलेलं खोरं घेतलं आणि दोन ओढींत मातीत एक लहानसा पाट पाडला. पाणी वळलं. अंगणाच्या कडेला झेंडूची रांग होती तिकडे निघालं, फेस आणि उटण्यासकट.

"झाली का आबांची आंगूळ?" त्यांनी विचारलं.

"झाली," बाबा आतून म्हणाले. मोठ्याने म्हणाले.

मावशी कुंपणावरून कारीट तोडून घेऊन आल्या होत्या. हे कडू, लहान फळ नरक चतुर्दशीला आंघोळीनंतर पायाच्या अंगठ्याखाली फोडतात. आई होती तोवर आमच्याकडे ती भाजीवाल्याकडून आणायची. नंतर कुणी आणलं नाही. बाबा धुतलेला सदरा घालून, केस बसवून, एक हात वॉकरवर आणि एक माझ्या खांद्यावर टाकून पायरीपर्यंत आले. खाली भाऊ होते, त्यांची बायको फराळाचं ताट घेऊन उभी होती. बाबांनी डावा पाय कारिटावर ठेवला. पहिल्यांदा सटकलं. "आबा, जोर लावा, नरकासुर हाय त्यो," भाऊ म्हणाले. दुसऱ्यांदा ते फुटलं आणि बाबा "गोविंदा" म्हणाले, इतक्या हळू की फक्त मला ऐकू आलं असेल.

मी नंतर जाळी काढली. उटण्याचा मूठभर गोळा निघाला, त्याला छान वास होता. गाडीतली फरशी पुसायला अर्धी सकाळ गेली. मी भाऊंना म्हणालो, अंगणात चिखल झाला, माफ करा. त्यांना मी कशाबद्दल बोलतोय तेच कळेना.

पाडव्यापर्यंत राहायचं ठरलं. मावशींनी आमची घडी बसवून दिली. भांड्यांचं तेलकट पाणी घमेल्यात साठवून शोषखड्ड्यात. आंघोळीचं वेगळं, ते त्यांच्या न्हाणीमागच्या केळीला. साबण कमी वापरा एवढीच अट. त्यामुळे टाकीत आता फक्त आंघोळीचंच पाणी जाऊ लागलं आणि मी सकाळी सकाळी बादल्या घेऊन केळीच्या खुंटाकडे जाऊ लागलो. पट्टीवर बायकोने पंचा वाळत घातला होता, तो मी काढला नाही.

मावशी शेण काढता काढता विचारायच्या, आज कोण कोण न्हालं. सगळे, मी सांगायचो. "मंग ठीक," त्या म्हणायच्या.

भाऊबीजेच्या दिवशी दुपारी निघायचं होतं. पाडव्याच्या सकाळी मी केळीला पाणी घालत होतो तर मागे वॉकरचा आवाज आला. बाबा एकटेच, शेणामातीतून सावकाश, तिथवर चालत आले होते. केळीला मोठा घड लागलेला होता, त्याकडे त्यांनी बघितलं. मग माझ्या हातातल्या बादलीकडे.

"बुंध्यावर नको ओतू. जरा लांब, मुळं असतात तिथे," ते म्हणाले.

मी लांब ओतलं. पाणी मातीत जिरलं. ते तिथे उभे राहून जिरलेली जागा बघत राहिले, ड्यूटीवरून आल्यावर क्वार्टरमागे बघायचे तसं. मी कसल्याशा आभाराने भरून गेलो होतो. मावशींच्या, भाऊंच्या, बायकोच्या, त्या म्हशीच्यासुद्धा. पण बोलायला गेलं की माझं नेहमीच जास्त होतं, म्हणून मी रिकामी बादली झटकली.

बाबांनी वॉकर वळवला आणि चालू लागले. चार पावलांवर थांबून म्हणाले,

"उद्या जाण्याआधी आंघोळीला एक बादली जास्त लाव. केळीला कमी पडतंय."